अण्णा माप घेऊन पुस्तक देतात

मल्लिनाथअण्णा पुस्तकाचं नाव कधीच सांगत नाहीत, रंग सांगतात. "बाई, तुमाला आमसुली दिलं व्हतं, ते वाचून झालं का?" असं भर बाजारात विचारतात. शेजारी उभ्या असलेल्या बाईला वाटतं, ही मास्तरीण साड्या वाचते की काय! परंड्यात अण्णांचं कापडाचं दुकान आहे आणि चाळीस वर्षं त्या दुकानात बसून त्यांना जगातली प्रत्येक वस्तू कापडासारखी दिसायला लागली आहे. कुठल्याही पुस्तकाचं कव्हर त्यांच्या लेखी मोरपंखी असतं, नाहीतर डाळिंबी, नाहीतर पिस्ता. लेखक कोण म्हणून विचारलं तर म्हणतात, "मिलचं नाव मागनं बगा. आधी कापड हातात घ्या की."

आता ही पुस्तकं कसली, ते आधीच सांगून टाकते, कारण मला आडूनआडून बोलता येत नाही. बाईचं बाईवर प्रेम असतं, पुरुषाचं पुरुषावर असतं, कुणी मुलगा म्हणून वाढलेलं असतं आणि आतून मुलगी असतं, अशा माणसांची पुस्तकं. त्यांना क्वीअर म्हणतात. अण्णांना तो शब्द काही केल्या जमत नाही. ते म्हणतात, "वेगळ्या विणीची पुस्तकं." आणि वर डोळे मोठे करून, "वीण वेगळी असली म्हणून कापड वाईट असतंय व्हय?"

पासष्टी ओलांडलेला, कपाळाला विभूती लावणारा, पांढरंशुभ्र धोतर नेसणारा कापडवाला हा उद्योग का करतो, याचं मूळ आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. त्यांची एकुलती एक लेक गौरी पुण्याला असते. माझीच विद्यार्थिनी. निबंध असा लिहायची की मार्क कापताना माझा हात अडखळायचा. चार वर्षांपूर्वी ती घरी आली आणि तिनं आईबापांना सांगितलं, की मी सुमेधाबरोबर राहते, आम्ही मैत्रिणी नाही, आमचा संसार आहे. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं ती परत गेली. त्यानंतर परंड्याला आलीच नाही. दर रविवारी अण्णांना फोन करते. अण्णा विचारतात, "जेवलीस का? तिकडं पाऊस हाय का?" आणि फोन ठेवतात. गिरिजावहिनी, म्हणजे अण्णांची बायको, स्वयंपाकघराच्या दारात उभी असते. फोनला हात लावत नाही. लेक घरी यावी एवढंच अण्णांना हवं होतं. पण त्यासाठी त्यांनी धरलेली वाट कुणा शहाण्या माणसाला सुचली नसती.

त्यांची पद्धत सांगते. आधी पुस्तक स्वतः वाचायचं, दुपारी गिऱ्हाईक नसताना, गादीवर मांडी घालून, ओठ हलवत. मग गिऱ्हाईक बघायचं. आमच्याकडं लग्नाला, मुंजीला, सत्काराला काय देतात? बाईला खण, पुरुषाला टॉवेल-टोपी. अण्णा बाईचं पुस्तक खणात गुंडाळतात आणि पुरुषाचं टॉवेलात. वरून सुतळी. यात एक डाव आहे. आहेराचं कापड आमच्याकडं कुणी परत करत नाही, अपशकुन मानतात. त्यामुळे आतलं पुस्तकही घरात राहतं. "घरात राहिलेलं कापड एक ना एक दिस अंगावर येतंयच," असं अण्णा म्हणतात.

माझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमात मला असा एक खण मिळाला. आत आमसुली पुस्तक. दोन बायका मिळून दुधाची डेअरी चालवतात आणि डेअरी हा त्यांच्या एकत्र राहण्याचा निव्वळ बहाणा असतो, अशी कादंबरी. गोष्ट गोड होती, पण छपाई! पानापानाला चुका. माझं डोकं फिरलं. लाल पेन घेतला आणि तीन दिवसांत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तपासून काढली. तशीच तणतणत दुकानात गेले.

"अण्णा, मराठीच्या बाईला असलं पुस्तक देतात का?"

अण्णा शांतपणे एका तागाची घडी घालत होते. "किती चुका निघाल्या?"

"दोनशेच्या वर!"

"म्हंजी समदं वाचलं," ते म्हणाले. "बाई, तुमी शुद्ध पुस्तक निस्तं चाळता. चुका असल्या की अक्षर न् अक्षर वाचता. माप घेतलंय म्या तुमचं."

 त्या डेअरीवाल्या दोघींपैकी धाकटी आजारी पडते त्या पानावर माझा लाल पेन थांबला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. तिथं तीन चुका तशाच राहिल्यात.

बसस्टँडवरच्या कंट्रोलर मानेंना त्यांनी पोपटी दिलं. बारक्या बारक्या कथा. "दोन गाड्यांच्या मधी एक गोष्ट बसली पायजे, बाई. कुर्डुवाडी लागायच्या आत संपली पायजे." त्यात दोन म्हातारे मित्र आहेत, एकाच खोलीत आयुष्य काढलेले, आणि एक गेल्यावर दुसऱ्याला सुतकसुद्धा धरता येत नाही, कारण नातं काय सांगणार? ती गोष्ट संपली आणि नेमकी कुर्डुवाडी लागली. माने माइकवर "कुर्डुवाडीला जाणारी गाडी" म्हणाले आणि त्यांचा गळाच भरून आला. स्टँडवर हलकल्लोळ. प्रवाशांना वाटलं, गाडीला अपघातच झाला. एका आजींनी तर तिथंच हंबरडा फोडला.

अण्णांच्या दुकानाच्या ओट्यावर रशीदमामू शिवणाचं मशीन घेऊन बसतात. त्यांना मिळालं अबोली. मुलगा म्हणून जन्मलेल्या एका मुलीनं स्वतःची लिहिलेली हकिकत. मामूंनी ती आपल्या नातीकडून वाचून घेतली आणि मग आठवडाभर तोंड पाडून बसले. अण्णांनी विचारलं, "आवडलं न्हाय का?"

"किताब अच्छी है," मामू म्हणाले. "पन एक बात बोलू? पयला बिलाऊज पहनी, आइने में देखी, रोई, सब लिखी. सिया किसने, वो लिख्याच नै! ऐसे कैसे?"

"असंल कुणीतरी टेलर."

"कुणीतरी कैसा? पयला बिलाऊज है अण्णा! नाप लेते वक्त उसने क्या बोला होगा उसको?" मामूंना त्या अनोळखी टेलरची फार काळजी लागून राहिली. हल्ली त्यांच्याकडं सोनारीच्या यात्रेला येणाऱ्या, त्या पुस्तकातल्या मुलीसारख्या दोघीतिघी ब्लाऊज शिवायला येतात, ज्यांना बाकीचे टेलर दारातूनच वाटेला लावायचे. मामू त्यांची मापं पडद्याआड, नातीला मदतीला घेऊन घेतात आणि शिलाई नेहमीचीच लावतात.

खरी गंमत देशमुखांची. साठ एकराचे मालक, दारात बुलेट, मिशीला पीळ. त्यांना कोण असलं पुस्तक देणार! अण्णांनी दिलं. टॉवेल-टोपीत गुंडाळून, डाळिंबी. खुनाची कादंबरी. तपास करणारा फौजदार मोठा तालेवार गडी. शंभराव्या पानावर कळतं, की तो रोज रात्री ज्याच्यासाठी जेवायचा थांबतो तो त्याचा भाऊ नाही. मी त्या दिवशी दुकानात होते. देशमुख बुलेट घेऊन आले आणि पुस्तक गादीवर आपटलं.

"अण्णा! ह्यो फौजदार असला हाय व्हय?"

"व्हय."

"आन् हे मला आधी सांगायचं न्हाय?"

"खून कुणी केला, कळलं का?"

देशमुखांचा हात मिशीकडं गेला. "न्हाय अजून."

"मामावर संशय हाय?"

"मामावर न्हाय ओ, मामा लई साधा. मला त्या कारभाऱ्याचा वास येतोय."

"मग घेऊन जावा की परत," अण्णा म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला साडी दाखवायला लागले. देशमुखांनी इकडंतिकडं बघितलं आणि पुस्तक सदऱ्याच्या आत घातलं. चार दिवसांनी दुकानासमोर गाडी न थांबवता ओरडून गेले, "मामाच निघाला, मायला!"

आता तुम्ही म्हणाल, माणूस मोकळ्या मनाचा आहे, गावाला वाचायला लावतोय, छान. मलाही तसंच वाटायचं. पण एक गोष्ट मला खटकायची. किल्ल्याच्या बाजूला जगदाळेसाहेब राहतात. बँकेतून निवृत्त, घरात कपाटभर पुस्तकं, वाचल्याशिवाय झोप येत नाही. ते अण्णांच्या मागंच लागले होते. "अण्णा, मला पण द्या की एक वेगळ्या विणीचं." अण्णा दर वेळी टाळायचे. आज माल आला न्हाय, उद्या बघू, तुमचं माप लई अवघड हाय. जो वाचत नाही त्याच्या गळ्यात पुस्तक मारायचं आणि जो मागतो त्याला द्यायचं नाही, हा कुठला न्याय? मी एकदा फटकन विचारलंच.

 अण्णांनी मामूंचा खडू घेतला आणि समोर पसरलेल्या काळ्या सुटिंगच्या कापडावर रेघ ओढायला लागले.

"हे स्टँड. हितं माने. हितनं वळलं की सलून, त्येला चित्रांचं दिलंय, गिऱ्हाईक बसल्या बसल्या बघतंय. मग देशमुखाचं फाटक. पुढं हे दुकान, मामू. मग तुमचं घर." खडू थांबला. "जगदाळेसाब किल्ल्याकडं ऱ्हातेत. त्येंचं घर वाटंत येत न्हाय."

"कुणाच्या वाटेत?"

त्यांनी खडू परत स्टँडवर ठेवला आणि मला कळलं. स्टँड ते घर. गौरी रिक्षा करत नाही, शाळेत असल्यापासून चालतच यायची.

"चालत येणार ती," अण्णा म्हणाले. "संगट ती दुसरी पोरगी. कुणीतरी वळून बगंल, कुणीतरी हसंल, कुणीतरी मागनं काय बोलंल. म्हणलं, वाटंवरची माणसं तरी आदुगर तयार करून ठेवावी." मग त्यांचा आवाज खाली गेला. "बाई, त्या दिशी पोरीनं समदं सांगितलं. रडत व्हती. हातात हे एवढं पुस्तक दिलं, आभाळी रंगाचं, म्हणली वाचा म्हंजी कळंल. आन् म्या काय म्हणलो ठावं हाय? म्हणलो, गावाला काय सांगू? पोरगी रडतीय आन् म्या गावाचं इचारलं."

मी विचारलं, "अण्णा, हे तिला सांगितलंत का?"

"रस्ता पुरा झाला की सांगणार."

"अजून किती राहिलाय?"

"तुमच्या घरापासनं माझ्या घरापातुर."

आमची घरं समोरासमोर आहेत. मधे बारा पावलांचा रस्ता. मला कळेना, या बारा पावलांत कोण राहतं. अण्णांनीच सांगितलं. गिरिजावहिनी. "समद्या गावाचं माप घेतलं, पर तिचं घावंना. ती काय बोलतच न्हाय. गौरीचं नाव काढलं की म्हणती, साकु." वहिनींचं माहेर कर्नाटकाच्या सीमेवरचं, म्हणून गौरी त्यांना अव्वा म्हणते. पुरे म्हणायचं असलं की त्यांच्या तोंडात कानडी येतं, आणि त्या साकु म्हणाल्या की अण्णांची पुढं बोलायची छाती होत नाही.

मग आली संक्रांत. वहिनींचं हळदीकुंकू मोठं असतं. बाकीच्या बायका वाण म्हणून प्लास्टिकचे डबे, गाळण्या देतात, वहिनी दर वर्षी खण देतात, दुकान घरचंच. मी आजारी होते म्हणून त्या दिवशी गेले नाही. संध्याकाळी अण्णा माझ्या दारात हजर. टोपी हातात, चेहरा पांढराफटक.

"बाई, घात झाला! कपाटात म्या वर्षाची पार्सलं बांधून ठिवली व्हती. खणात गुंडाळलेली. हिनं तीच वाटली! समद्या गल्लीच्या बायकांना! कुणाचं माप न्हाय, काय न्हाय, दिसंल त्या हाताला दिसंल ते पुस्तक!"

अण्णा माझ्या खुर्चीत बसून कपाळ धरून मोजायला लागले. पंचांगाशिवाय काही न वाचणाऱ्या शिंदेबाईंना प्रेमाच्या कविता गेल्या. नव्या सुनेला मिळालं आईनं मुलाला लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक. हवालदाराच्या बायकोला डेअरीची दुसरी प्रत. "आता काय तोंड दावू? गौरी यायची वाटच बंद झाली." आयुष्यात पहिल्यांदा अण्णांनी माझ्याकडं पाणी मागितलं.

आठ दिवस आम्ही दोघंही कानोसा घेत होतो. कुणी वाण परत आणून दिलं नाही. वाण कोण परत करतं? पण दुसरंच काहीतरी सुरू झालं. आमच्याकडच्या बायका खण मिळाला की साडीवर लावून बघतात आणि रंग जमला नाही तर आपापसात बदलतात. त्यांनी पुस्तकंही तशीच बदलली. शिंदेबाईंनी कविता नव्या सुनेला दिल्या, तिच्याकडून आईची पत्रं घेतली आणि दोन दिवस ओसरीवर बसून डोळे पुसत वाचली. त्यांचा मुलगा मुंबईला आहे, लग्नाचं नाव काढत नाही, हे तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं. हवालदारीणबाईंनी डेअरी पूर्ण केली आणि मला बघायला येऊन विचारलं, "बाई, धाकटी वाचती की न्हाय शेवटी? माझ्यातलं शेवटचं पान फाटलंय." दुपारी नळावर, पापड लाटताना, बायका डेअरीवाल्या दोघींबद्दल बोलत होत्या, जशा काही त्या पलीकडच्या गल्लीतच राहतात. सगळ्याच बोलत होत्या असं नाही. दोघीतिघींनी नाकं मुरडली, एकीनं तर पुस्तक माळ्यावर टाकलं. पण कुणी वहिनींशी बोलणं सोडलं नाही.

मी बरी झाल्यावर वहिनींकडं गेले. त्या गव्हातले खडे वेचत होत्या.

"वहिनी, खणांत पुस्तकं होती, तुम्हाला खरंच कळलं नाही?"

"मला काय म्हाईत?" त्या मान वर न करता म्हणाल्या.

मी फटकळच. शेजारी पडलेला एक खण उचलला आणि त्यांच्या हातावर ठेवला. "याचं वजन किती आहे हो? पुस्तकवाल्याचं किती असेल?"

वहिनी हसल्या. चार वर्षांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. "चाळीस वर्षं खण देतीय मी, बाई. अंधारात हातात दिला तर सुती का रेशमी ते सांगंन."

"म्हणजे मुद्दाम?"

"मग? त्येंनी समदी रस्त्यावरची माणसं धरली. कंट्रोलर, न्हावी, टेलर. पोरीला नावं ठिवायची असली तर ती काय स्टँडवर ठिवत्यात व्हय? घरात ठिवत्यात, चुलीपुढं. बायकांना सोडून गाव कसं व्हतंय?"

मीही गव्हात हात घातला. "आणि तुम्ही वाचलीत ही पुस्तकं?"

"समदी. त्ये दुकानात गेलं की कपाट माझंच असतंय." मग जरा पुढं झुकून म्हणाल्या, "त्या आमसुलीत चुका लई हायेत."

मला हसावं की त्यांच्या पाया पडावं कळेना. मग मी तो प्रश्न विचारला जो चार वर्षं विचारायचा धीर झाला नव्हता. एवढं सगळं आहे, तर लेकीशी बोलत का नाही?

वहिनींचा हात गव्हात थांबला. "तिनं पुस्तक बापाला दिलं. मला न्हाय. म्हणली असंल, अव्वाला काय कळतंय. नऊ महिने म्या वागवलं, आन् पुस्तक बापाला." त्यांचे डोळे भरले. "राग त्या दुसऱ्या पोरीचा न्हाय आला मला, बाई. ह्या गोष्टीचा आला."

त्या रविवारी फोन वाजला तेव्हा मी तिथंच बसले होते, खोटं कशाला बोलू, मुद्दामच बसले होते. अण्णांनी फोन उचलला, "जेवलीस का?" म्हणाले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून आल्या आणि त्यांनी अण्णांच्या हातातून फोन काढून घेतला.

"गौरी, शिवरात्रीला या. दोघी या. आन् मला एक पुस्तक आण." पलीकडं काय झालं ते ऐकू आलं नाही. वहिनी म्हणाल्या, "साकु, साकु, रडू नगं आता." आणि स्वतःच रडायला लागल्या. अण्णा भिंतीला टेकून उभे होते. रस्ता पुरा झाला होता आणि शेवटची बारा पावलं त्यांनी न मोजताच झाली होती.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं त्या आल्या. अण्णा स्टँडवर गेलेच नाहीत, घाबरून दुकानात बसले, एकाच चादरीची घडी दहादा घालत. आणायला मी गेले. आणि काय सांगू, अण्णांनी तयार केलेलं गाव इतकं तयार निघालं की मलाच लाज वाटायला लागली! माने केबिन सोडून बाहेर आले आणि कारण नसताना बॅगा उतरवायला लागले. सलूनवाला अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक सोडून दारात नमस्कार घालून उभा. देशमुख फाटकात उभे राहून गौरीला म्हणाले, "त्यो फौजदार लई हुशार गडी, बरं का पोरी!" गौरी माझ्याकडं बघायला लागली. "बाई, यांना काय झालंय?" मी म्हटलं, "तू चाल." ओट्यावर रशीदमामूंनी सुमेधाकडं एकदा खालीवर बघितलं आणि मान हलवली, "छत्तीस. तुमारा बिलाऊज मय सीऊंगा."

दुकानात अण्णा उठून उभे राहिले.  गादीखाली हात घालून त्यांनी ते आभाळी पुस्तक काढलं, कोपरे झिजलेलं, पानं हाताळून मऊ झालेली. गौरीनं उघडलं. पहिल्या पानावर तिचं अक्षर होतं, "अण्णा, वाचा आणि मग सांगा." खाली अण्णांच्या मोडीवळणाच्या अक्षरात, "वाचलं. माझं चुकलं." एवढंच. ती त्यांच्या गळ्यात पडली तेव्हा मी रस्त्याकडं तोंड केलं, मामूंनी उगीच मशीन चालवायला घेतली.

तिसऱ्या दिवशी त्या निघाल्या. वहिनींनी दोघींची ओटी भरली, एकाच ताग्यातले दोन खण. आम्ही सगळे स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागलेली. इतक्यात हातात पेपर घेऊन जगदाळेसाहेब समोरून आले, किल्ल्याकडचे, ज्यांना अण्णांनी कधीच पुस्तक दिलं नव्हतं. गौरीला बघून थांबले.

"अरे, गौरी ना? किती दिवसांनी! आणि या कोण?"

मी अण्णांकडं बघितलं. हे माणूस वाटेतलं नव्हतं. याची तयारी केलेली नव्हती. गौरी बापाकडं बघत होती. सुमेधा बॅगेचा पट्टा घट्ट धरून उभी.

अण्णांनी टोपी नीट केली. "ही सुमेधा," ते म्हणाले. "गौरीची जोडीदार. दोघींचा संसार हाय पुण्याला."

जगदाळेसाहेबांनी दोघींकडं बघितलं. "बरं," ते म्हणाले. "या की परत, किल्ला दाखवतो तुम्हाला." मग अण्णांकडं वळले. "ते जाऊ द्या, मला पुस्तक का देत नाही ते सांगा आधी."

गाडी सुटली. दोघी खिडकीतून हात हलवत होत्या. वहिनी गाडी वळेपर्यंत बघत राहिल्या आणि भाजी घ्यायची म्हणून पुढं गेल्या. अण्णा स्टँडवरच्या बाकड्यावर बसले ते उठेनात. मला वाटलं दमलेत. जवळ गेले तर टोपीनं डोळे पुसत होते.

"एवढंच व्हतं व्हय, बाई?" ते म्हणाले. "त्यो माणूस निस्तं 'बरं' म्हणला. म्या त्या दिशी पोरीला निस्तं बरं म्हणलो असतो तर?"

 मी त्यांच्या शेजारी बसले. मानेंनी माइकवर कुर्डुवाडीची गाडी पुकारली, ती आली आणि गेली. मग अण्णा उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "चला. जगदाळेसाबाला मोतिया रंगाचं द्यावं म्हणतो. माप घेत बसत न्हाय आता."